मोकळे भूखंड, जेसीबी आणि माझी कुदळ

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या नाशिक पुरवणीत मोकळ्या भूखंडांवर माजलेल्या रानाची बातमी होती. डास, साप, बिबट्याची भीती, सगळं बरोबर लिहिलंय. पण सोबतच्या फोटोत जेसीबी उभा आहे, मागे खरवडलेली उघडी जमीन आणि खाली ओळ : 'परिसराने घेतला मोकळा श्वास.' त्या ओळीवर माझा आक्षेप आहे. तो श्वास किती दिवस टिकतो ते मी माझ्या सासऱ्यांच्या प्लॉटवर पाहिलंय, आणि त्याचे पैसेही मोजलेत.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे हा कुणी यंत्राचा वैरी नाही हे कळेल. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. फिटर म्हणून लागलो, निवृत्त होईपर्यंत हातात कानस होतीच. यंत्रांनीच मला जेवू घातलं. पण कुठल्या कामाला कुठलं हत्यार, एवढं एकतीस वर्षांत कळतंच.

प्लॉट म्हसरूळला आहे, चामरलेण्यांच्या डोंगराकडे तोंड करून. पाच गुंठे, म्हणजे 5,445 चौरस फूट. मधोमध बैठं घर आणि भोवती बाग. बाग सासूबाईंची. सोनचाफा, शेवगा, दोन पेरू, कढीपत्ता, कुंपणाला मेंदी आणि पायरीपाशी निशिगंधाचे कंद. सासरे गेले, वर्षभरात सासूबाई गेल्या, मेहुणा पुण्याला. घर सहा वर्षं बंद राहिलं. सहा वर्षांत काय काय होतं? कुंपणाची मेंदी छपरापर्यंत गेली. पश्चिमेला घाणेरीची जाळी झाली, तिच्यात मांजरसुद्धा शिरेना. सुबाभळीची रोपं बोटाएवढी होती ती मनगटाएवढी झाली. शेजारी आधी फोनवर बोलले, मग भिंतीवरून बोलले आणि शेवटी नोटीस आली : भूखंड तातडीने स्वच्छ करावा.

'स्वच्छ करावा' एवढंच. कसा, ते नव्हतं.

मी चारचौघांसारखंच केलं. गेल्या वर्षी वैशाखात ठेकेदाराला बोलावलं. "काका, दोन तासांत टकाटक करून देतो," म्हणाला. मी सोनचाफा आणि शेवग्याला पांढऱ्या रंगाचे पट्टे मारून ठेवले होते, ते त्याला दाखवले. त्याने मान हलवली. मग मी चहा सांगायला नाक्यावर गेलो, ही माझी चूक. परत येईपर्यंत पूर्वेकडची अर्धी बाजू साफ होती आणि शेवगा, पांढऱ्या पट्ट्यासकट, डंपरमध्ये होता. शहरात झाड पाडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मी त्याला सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "शेवगा काय झाड आहे का काका?" तिथेच काम थांबवलं. पैसे मात्र पूर्ण द्यावे लागले.

सोनचाफा त्या दिवशी उभा होता. पण बकेटने त्याची एका बाजूची मुळं तोडली होती. श्रावणात पानं पिवळी पडली, दसऱ्याला वाळला. तण उपटताना मुळाला चिकटून येते तेवढीच माती जायला हवी. इथे वीतभर माती गेली, तीही वरची, काळी, तीस-पस्तीस वर्षं पालापाचोळा खाल्लेली. खाली राहिला मुरूम मिसळलेला पिवळसर थर.

आणि पहिल्या पावसानंतर त्या थरावर गाजरगवत आलं. आलं म्हणजे पेरल्यासारखं आलं. याचं कारण फार गूढ नाही. गाजरगवताचं एक झाड हजारो बिया टाकतं, त्या बारीक, हलक्या, मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. जमीन ढवळली की खाली दडलेल्या बिया वर येतात, त्यांना ऊन लागतं, आणि सावली धरायला वर दुसरं काही शिल्लक नसतंच. 1955 मध्ये पुण्यात या गवताची नोंद झाली आणि आज देशात कुठला कोपरा त्याच्यावाचून राहिला नाही. उघडी, खरवडलेली, बेवारशी जमीन त्याला आवडते. आपण ती त्याला दोन तासांत टकाटक करून देतो. माझ्या सौ.च्या हातावर त्याने पुरळ आलं, ते गणपतीपर्यंत गेलं नाही.

राहिलेली पश्चिमेची बाजू यंदा आम्ही दोघांनी हाताने काढली. त्याची हकीकत सांगण्यासाठीच हे पत्र.

दुकानातून आणलेला कोयता पहिल्याच सकाळी दगा देऊन गेला. घाणेरीच्या दोन बोटं जाड फांदीवर मारला तर धार दुमडली. पत्रा चांगला पॉलिश केलेला, मूठ प्लास्टिकची, रंग लाल. मी कानस घेऊन बसलो तर कानस लोण्यात चालावी तशी चालली, तेव्हाच कळलं की याला पाणीच दिलेलं नाही, म्हणजे तापवून, पाण्यात विझवून धार कडक केलेलीच नाही. मग दिंडोरी रोडला रस्त्याकडेला घिसाडी, म्हणजे फिरस्ते लोहार, कुटुंबाचं पाल होतं तिथे गेलो.

जमिनीत खड्डा करून भट्टी, तिला हाताने फिरवायचा पंखा, तो एक दहा-बारा वर्षांचा मुलगा फिरवत होता. ऐरण म्हणजे जमिनीत गाडलेला लोखंडाचा ठोकळा. बाजूला ट्रकच्या कमानपाट्यांचे तुकडे. एका तुकड्यात मधल्या बोल्टचं भोक तसंच होतं, म्हणून मी ओळखलं. आमच्या भाषेत ते ईएन 45, सिलिकॉन-मँगनीजचं स्प्रिंग स्टील. त्यांच्या भाषेत 'पाट्याचं लोखंड'. जात एकच.

बाईंनी विचारलं, "भाऊ, कोयता कशाला? उसाला का झाडाला?"

"घाणेरीला."

"मग पाठ जाड ठेवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि पदर खोचून घण उचलला.

नवरा सांडशीत लाल तुकडा धरून छोट्या हातोडीने ऐरणीवर टक् करायचा आणि त्याने टक् केलं त्याच जागी बाईंचा घण पडायचा. टक्, धाड्. टक्, धाड्. एकदाही चुकला नाही. मध्ये त्या माझ्याशी पावसाचं बोलत होत्या. तीन तापांत पाठ, पोट, चोच तयार झाली. मग पाणी द्यायची वेळ आली. मी एकतीस वर्षं हे तेलात केलं होतं, बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने फक्त धारेची कड पाण्यात बुडवली, काढली, विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत केली आणि बघत बसला. पाठीतली उरलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकते, तसा रंग चालत येतो : गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट. तपकिरीच्या पुढे जांभळी झाक डोकावली तसा त्याने सबंध कोयता पाण्यात टाकला. निळा होऊ दिला नाही. निळ्यापर्यंत गेला असता तर धार मऊ पडली असती. आमच्या टूलरूममध्ये या रंगांचा तक्ता भिंतीवर लावलेला होता, तापमानाच्या आकड्यांसकट. तरीही नव्या पोरांचे तुकडे निळे व्हायचेच.

कोयत्याचे साडेतीनशे घेतले. तिथेच एक कुदळ, दोन खुरपी घेतली आणि जुना विळा शेवटून, म्हणजे भट्टीत तापवून नव्याने धार काढून घेतला. कुदळीच्या तुंब्यात बसवायला बाभळीचा दांडा त्यांच्याकडेच मिळाला. दांडा बाभळीचाच घ्यावा. दुकानातला गुळगुळीत दांडा कशाचा असतो देव जाणे, तो आधी हाताला फोड आणतो आणि मग तुंब्यापाशी मोडतो.

(ज्यांच्या घरी ग्राइंडर आहे त्यांना एक विनंती. त्यावर विळे-कोयते धरू नका. ठिणग्या उडताना बरं वाटतं, पण कडेला निळी झाक आली की पाणी उतरलं समजा. दहा इंची कानस घ्या, धारेच्या दिशेने ढकला, मागे आणताना उचला. दोन मिनिटांचं काम आहे.)

आता घाणेरी. ही झुडपं वरून छाटून काही होत नाही, हे मला दोन दिवस वाया घालवून कळलं. छाटली की बुंध्यातून दुप्पट फुटते, आणि तिरका घाव बसला की बुंध्याचा भाला होतो, तो बुटातून वर येतो. माझ्या डाव्या बुटाला अजून भोक आहे. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात घाणेरी काढण्याची जी पद्धत बसवली, ती कुठेतरी वाचल्याचं आठवलं. त्यात मशीन नाही, औषध नाही. खोड जिथे संपतं आणि मूळ जिथे सुरू होतं त्याच्या खाली, जमिनीत दोनेक इंचांवर मुख्य मूळ तोडायचं आणि सबंध झुडूप उपटून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. फुटवा मुळापेक्षा त्या जोडाशी येतो, म्हणून जोडच काढायचा. काम कुदळीचं.

करून बघितलं. आधी कोयत्याने बाहेरच्या फांद्या तोडून बुंध्यापर्यंत वाट करायची. मग गुडघे टेकून बसायचं, खुरप्याने बुंध्याभोवतीची माती सारायची, मूळ दिसलं की कुदळीचं पातं तिरपं घालून दोन, फार तर तीन घाव. तिसऱ्याला 'कट्' असा कोरडा आवाज येतो आणि सगळं झुडूप सैल पडतं. सैल पडताना हाताला जे जाणवतं ते मी इथे सांगू शकत नाही. टूलरूममध्ये जाम झालेली पिन शेवटी सुटते तेव्हा तसं होतं. सौ. म्हणाली, "अहो, तुमचा चेहरा बघा, लॉटरी लागल्यासारखा." दिवसाला पाच-सहा झुडपं निघायची. यंदा वळवाचे दोन पाऊस झाले आणि माती नरम पडली तेव्हा सुरुवात केली होती. कोरड्या जमिनीत हे करायला जाऊ नये, मनगटं जातील.

आमच्या एकूण सतरा सकाळी गेल्या. सहा ते साडेआठ, उन्हं वर यायच्या आत. हळू जायचा फायदा असा की दिसतं. घाणेरीच्या पोटात एक पेरू जिवंत निघाला, वाकडा, पण जिवंत. कुंपणापाशी गुळवेल होती ती ठेवली. आघाडा एका वाफ्यात ठेवला, श्रावणात गल्लीतल्या बायका जिवतीच्या पूजेला न्यायला आल्या. नाहीतर आघाड्याच्या चार काड्यांसाठी रविवार कारंजाला जातात. निशिगंधाचे कंद मात्र मिळाले नाहीत. ते पूर्वेला होते.

साप निघाला तोही सांगतो, कारण बातमीत सापांचंच भय जास्त आहे. नवव्या सकाळी विटांच्या ढिगाखालून धामण निघाली, माझ्या काठीपेक्षा लांब. आम्ही रोज काम सुरू करण्याआधी गमबूट घालून काठी आपटत एक फेरी मारायचो आणि हात कधीही न दिसणाऱ्या जागी घालायचो नाही, म्हणून ती तिच्या वाटेने गेली, आम्ही आमच्या. तिथे घोणस असती तर ती पळाली नसती, पण फुत्कारून सांगितलं असतं. जेसीबीच्या आवाजात तो फुत्कार ऐकू येत नाही.

चुका माझ्याही झाल्या. बाराव्या दिवशी कुदळ घातली ती थेट नळाच्या पाइपवर. जीआयचा जुना पाइप, सासऱ्यांनी कुठून वळवला होता कुणाला ठाऊक. कारंजं उडालं, शेजाऱ्यांनी गच्चीवरून बघितलं. प्लंबरचे आठशे गेले आणि कुदळीच्या धारेला अर्ध्या बोटाएवढा खांडा पडला. लव्हाळ्यापुढे तर आम्ही सपशेल हरलो. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या ओवलेल्या असतात. खुरप्याने माळ तुटते आणि प्रत्येक मणी नवा उगवतो. खुरपू तेवढं वाढतं. एका कोपऱ्यात लव्हाळा आहे आणि तो राहणार.

तरी आज, भाद्रपदात, या दोन अर्ध्या बाजू शेजारीशेजारी उभं राहून बघा. मध्ये फक्त घराची पायरी आहे. पूर्वेला कमरेएवढं गाजरगवत, दुसऱ्या वर्षी. पश्चिमेला हराळी, टाकळ्याची पिवळी फुलं, तो कोपऱ्यातला लव्हाळा आणि पेरूला यंदा अकरा पेरू. गाजरगवत पश्चिमेलाही आलं, पण पंधरा-वीस रोपं. ती फुलावर यायच्या आत पाऊस पडून गेल्यावर उपटली, हातमोजे घालून, चहा होईपर्यंत. पूर्वेच्या गवतावर पांढुरक्या पाठीवर काळपट रेघा असलेले भुंगेरे दिसले. हे मेक्सिकोचे, याच गवताचा पाला खातात म्हणून 1984 मध्ये बंगळूरला मुद्दाम सोडले होते. ते खातात मन लावून, पण माझा पूर्वभाग त्यांच्याही आवाक्याबाहेर आहे.

शेजारच्या एका सद्गृहस्थांनी मला 'औषध मारून टाका' असा सल्ला दिला. ते औषध म्हणजे ग्लायफोसेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्यांत घातलं आणि 2022 च्या ऑक्टोबरात केंद्राने अधिसूचना काढून ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांनीच वापरायचं असं म्हटलं. घराघरांतून, पाठीवर पंप लावून, तोंडाला रुमालही न बांधता मारायची ती वस्तू नाही. पाला जाळण्याबद्दल मी लिहीत नाही. म्हसरूळमध्ये संध्याकाळी सातला खिडकी उघडा, कळेल.

मैदान, शाळेचं क्रीडांगण, लेआउटचा रिकामा माळ, तिथे ब्रशकटर चालवा, जेसीबी चालवा, माझी हरकत नाही. पण घराभोवतीच्या बागा, जिथे कुणीतरी काहीतरी लावून ठेवलंय, तिथे हत्याराला डोळे असावे लागतात. माझं मागणं थोडकं आहे. भूखंड-मालकांना जी नोटीस जाते तीत 'स्वच्छ करावा'ऐवजी 'तण फुलावर येण्याआधी मुळासकट काढावे, झाडे राखावीत, माती नेऊ नये, पाला जाळू नये' एवढी एक ओळ घाला. छापायला खर्च तोच येतो. मजुरीचं म्हणाल तर पेठ, सुरगाणा तालुक्यांतली माणसं द्राक्षाच्या कामाला इकडे येतात, त्यांच्याइतका कोयता कुणाला चालतो? दोन माणसं तीन दिवस लावली असती तर माझ्या सतरा सकाळी वाचल्या असत्या. जेसीबी, डंपर, मेलेला सोनचाफा आणि शेवगा यांच्यापेक्षा स्वस्तही पडलं असतं. मी हट्टाने स्वतः केलं, तो माझा प्रश्न.

आता ज्या कामासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते. पाइपवर खांडा पडलेली ती कुदळ मी पुन्हा दिंडोरी रोडच्या पालावर शेवटायला दिली होती. बाई म्हणाल्या, "चार दिवसांनी या भाऊ, लोखंड जोडावं लागंल." तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. पाचव्या दिवशी गेलो तर पाल नव्हतं. भट्टीच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि त्यात कोळसे तरंगत होते. समोरचा टपरीवाला म्हणाला, रस्त्याचं काम निघालं म्हणून उठवलं, कुठे गेले माहीत नाही. तेव्हापासून मी बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, दोनदा, पेठ रोडला एकदा आणि मखमलाबाद नाक्यावर एकदा चक्कर मारून आलो.

नवरा, बायको, पंखा फिरवणारा मुलगा आणि एक पांढरं शिंगरू. आपल्या वाचकांपैकी कुणाला दिसले तर कृपया आपल्या कार्यालयात कळवावं, मी येऊन विचारून जाईन. कुदळीची ओळख अशी : बाभळीचा दांडा, तुंब्यापाशी तांब्याच्या तारेचे चार वेढे. मजुरीचे दीडशे द्यायचे राहिलेत. आणि पूर्वेची बाजू अजून बाकी आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर
म्हसरूळ, नाशिक